वादाकडून धीराकडे : मराठी ख्रिस्ती सहभागितेचा इतिहास आणि ताथवडे परिसर

ताथवडे हे मूळचे मुळशी तालुक्यातील आणि आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावलेले गाव असून नृसिंहाचे जुने देऊळ, शासनाचे वळू माता प्रक्षेत्र, म्हणजे जातिवंत जनावरांची पैदास व जोपासना करण्यासाठी राखलेली जमीन, आणि कडेने जाणारा मुंबई-बंगळूर महामार्ग एवढ्या खुणांवर त्याची ओळख दीर्घकाळ भागत असे. गेल्या काही दशकांत या खुणांभोवती अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी राहिली, हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे शेजारच्या वाकड-पुनावळ्याप्रमाणे येथेही उंच गृहसंकुले झाली आणि गावठाणातील मूळच्या घरांपेक्षा बाहेरून आलेल्या घरांची संख्या कितीतरी वाढली. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात अहमदनगर, जालना, केडगाव किंवा वसई यांना जे स्थान आहे तसे ताथवड्याला नाही, आणि मिशनच्या मोठ्या ठाण्यांत त्याची गणना कधी झाली नाही. परंतु नेमक्या याच कारणामुळे हा परिसर अभ्यासाला उपयोगी पडतो. जेथे पूर्वजांनी बांधलेले प्रार्थनामंदिर नाही, मिशनची शाळा नाही आणि पिढीजात शेजार नाही, तेथे श्रद्धावंतांनी एकमेकांना धरून कसे राहावे, हा प्रश्न या पट्ट्यातील कामगार आणि नोकरदार कुटुंबांपुढे नव्याने आला असला, तरी मराठी ख्रिस्ती समाजाला तो पहिल्यापासून परिचयाचा आहे, आणि त्याची उत्तरे त्याने इमारतींपेक्षा कागदात, पदांत आणि घरोघरच्या बैठकींत अधिक शोधली आहेत.

या प्रश्नाचे मूळ धर्मांतराच्या स्वरूपात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ च्या अखेरीस या मिशनने अहमदनगरला ठाणे घातले. पुढील काळात, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, नगर जिल्ह्यातील खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली, पण ही वाढ एका जागी झाली नाही. एका गावात दोन घरे, पुढच्या गावात चार, अशी ती पसरली. अशा घरांना पाणवठा, बलुतेदारांची सेवा, सोयरीक आणि प्रेताला खांदा देणारी माणसे या चारही बाबतींत अडचण सोसावी लागे, आणि उच्चवर्णीयांतून आलेल्या एकेकट्या व्यक्तींची स्थिती आणखी बिकट असे, कारण त्यांना घर, मिळकत आणि बहुतेक वेळा पत्नी व मुलेही दुरावत. पाळक, म्हणजे मंडळीचा आध्यात्मिक सांभाळ करणारा दीक्षित सेवक, अशा प्रत्येक घरी महिन्यातून एकदा पोहोचला तरी पुष्कळ होई. १८५४ मध्ये अहमदनगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण मोडक या दोन मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा मिशनरी तेथे येऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मधल्या काळात एकमेकांना धीर देणे हे काम लोकांनी आपापल्या परीने केले, आणि या अनौपचारिक कामाकडे मिशनच्या इतिहासकारांचे लक्ष शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्म्यांचे आकडे यांच्या मानाने फारच थोडे गेले आहे.

मराठीत या कामाची पूर्वपरंपरा गोव्यात सापडते. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या ज्या लोकांची जुनी पुराणश्रवणाची सवय अचानक तुटली होती त्यांना देवळात बसून ऐकण्याजोगे काही मिळाले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढल्यावरही हस्तलिखित प्रतींतून हा ग्रंथ टिकला आणि स्थलांतरितांबरोबर कानडा मुलखात गेला, जेथे मंगळूरला १९०७ मध्ये त्याची पुन्हा छापील आवृत्ती निघाली. राजसत्तेचा किंवा चर्चचा आधार कमी झाला, तरी वाचणारा एक आणि ऐकणारे दहा एवढ्या सामग्रीवर श्रद्धा तग धरते, असे या ग्रंथाच्या प्रवासावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात हे काम नियतकालिकाकडे आले. ‘ज्ञानोदय’ जून १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले, काही वर्षांतच ते मुंबईला हलले, मासिकाचे पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक झाले, आणि दीडशेहून अधिक वर्षे चालत राहिले. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’नंतर अवघ्या दहा वर्षांनी निघालेल्या पत्राच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे. सुरुवातीच्या अंकांचा सूर मात्र वादाचा होता. हिंदू देवदेवतांच्या कथांवर, मूर्तिपूजेवर आणि जातिभेदावर त्यात टीका येई, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्राशी त्याचे खटके उडत, मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये मिशनऱ्यांना उत्तर देण्यासाठी ‘उपदेशचंद्रिका’ काढली, आणि १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. हा सगळा व्यवहार आज वाचताना दोन्ही पक्षांचा अभिनिवेश डोळ्यांत भरतो, आणि मिशनऱ्यांच्या लेखनातला वरचढपणाचा भाव तर लपत नाही. पण त्या वादामुळे मराठी गद्याला युक्तिवादाची शिस्त लागली, हेही नाकारता येत नाही. याच काळात मिशनच्या छापखान्यात देवनागरी खिळे पाडण्याचे काम थॉमस ग्रॅहॅम यांनी नावारूपाला आणले आणि तेथेच कसब शिकलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे ‘निर्णयसागर’ काढून हिंदू धर्मग्रंथांच्या शुद्ध व देखण्या आवृत्त्या घराघरांत पोहोचवल्या, ही त्या काळाची एक गंमत म्हणावी लागेल.

‘ज्ञानोदया’चे खरे महत्त्व या वादांत शोधू नये. बाहेरच्यांना पटवण्यासाठी काढलेले हे पत्र हळूहळू आतल्यांचे भेटण्याचे ठिकाण बनत गेले. कोणत्या गावी कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचे लग्न लागले, कोण वारले, कोणत्या मंडळीने मंदिर बांधायला हात घातला, अशा बातम्या त्यात येऊ लागल्या, आणि दोन घरांच्या गावातल्या वाचकाला आपण एका मोठ्या कुटुंबाचे आहोत हे त्यावरून कळू लागले. या पत्राने आपली दारे ख्रिस्ती समाजापुरतीच ठेवली नव्हती, याचा सर्वांत मोठा पुरावा १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत आहे : जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध तेथेच छापून आला. ज्यांचे दुःख ऐकायला अन्य कोणी तयार नव्हते त्यांना बोलू देणे हेही उत्तेजनच होते. वादाच्या लेखनातले मुद्दे आज केवळ अभ्यासकांच्या कामाचे राहिले आहेत, हा निबंध मात्र आजही वाचला जातो.

कागद वाचू शकणाऱ्यांपुरताच चाले, आणि खेड्यांतील ख्रिस्ती समाजात निरक्षरांची संख्या मोठी होती, म्हणून पदांचे आणि कीर्तनाचे स्थान कागदाच्या वरचे ठरले. आरंभी मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते बसवली, आणि नगरचे मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी अशी पुष्कळ गीते रचली. पण मराठी शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घांचा त्या चालींशी मेळ बसत नसे. १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळीने कीर्तनाचा अवलंब केला, आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी देशी चालींवर पदे आणि आख्याने रचली. कीर्तनाचे दोन भाग असतात : पूर्वरंगात एखाद्या पदाच्या आधारे तत्त्वनिरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या कथेतून, म्हणजे आख्यानातून, उलगडले जाते. ख्रिस्ती कीर्तनात पूर्वरंगाला शास्त्रवचन आले आणि उत्तररंगाला उधळ्या पुत्राची किंवा योसेफाची कथा आली, पण टाळ, मृदंग, मधूनच श्रोत्यांना दिलेला चिमटा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून केलेला गजर हे सारे तसेच राहिले. श्रोता चावडीसमोर ज्या रीतीने बसून ऐकत आला होता त्याच रीतीने तो येथे ऐकू शकला, आणि शेजारची ख्रिस्तेतर माणसेही येऊन बसू लागली.

या धारेतले सर्वांत मोठे नाव नारायण वामन टिळक यांचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ मध्ये जन्मलेले हे कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, पुढे अहमदनगर आणि राहुरी येथे राहिले, आणि १९१२ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’चे संपादन केले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा इतका मोठा आहे, की लिहितावाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही टिळकांची पदे तोंडपाठ असत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत, आणि ताथवडे परिसराच्या दृष्टीने हा दुवा महत्त्वाचा आहे; कारण देहू येथून जवळ आहे, आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच औद्योगिक पट्ट्यातून, आकुर्डीच्या मुक्कामावरून पुढे जाते, आणि या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती घरांत रविवारी गायिली जाणारी पदे ज्या अभंगाच्या वळणावर बांधलेली आहेत तो अभंग याच इंद्रायणीकाठी घडला. टिळकांचा वारसा परका मानणाऱ्यांनी आणि वारकरी परंपरेला ख्रिस्ती मंडळींशी काही देणेघेणे नाही असे मानणाऱ्यांनी, दोघांनीही, हा नकाशा डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

टिळकांनी १९१७ मध्ये केलेला प्रयोग तर आजच्या काळाला अधिक जवळचा आहे. त्या वर्षी त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्वजण एकत्र बसावेत, असा त्यांचा हेतू होता. म्हणजे सभासदत्वाची नोंदवही, पंथाची शिस्त आणि मिशनचा पैसा या तिन्हींना बाजूला सारून केवळ परस्परांच्या श्रद्धेवर उभी राहणारी बिरादरी त्यांना हवी होती. मिशनमधील अनेकांना हे रुचले नाही, आणि त्यांची शंका निव्वळ सत्तेच्या मोहातून आलेली नव्हती, कारण बाप्तिस्म्याची अट काढल्यावर मंडळी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न खरोखरच उरतो. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर चालणाऱ्या सहभागितेचे आयुष्य त्या माणसाइतकेच असते. ‘ज्ञानोदया’ला छापखाना, वर्गणीदार आणि एकामागून एक संपादक होते, दरबाराला यांपैकी काहीच नव्हते. पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी मात्र पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये या साऱ्या काळाचे असे चित्र ठेवले की त्यातला विनोद कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक धीर देतो.

केडगावची हकिकत वेगळ्या जातीची आहे. पंडिता रमाबाई यांनी तेथे उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहत होत्या, आणि १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी सुमारे ७० जणींचा प्रार्थनेचा गट बांधला, जो रोज सकाळी जमत असे. सहा महिन्यांत ही संख्या काही पटींनी वाढली आणि जूनअखेर आश्रमात जी आध्यात्मिक चेतना उसळली तिला ‘मुक्तीचे पुनरुज्जीवन’ म्हटले जाते. वेल्समधील अशाच जागृतीच्या बातम्या टपालाने केडगावला आल्या होत्या, आणि केडगावची बातमीही टपालानेच बाहेर गेली : रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिली देशातील वाल्पाराइसोला एका मैत्रिणीच्या हाती पडली आणि तेथे १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पंथाला, तिने चालना दिली. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यातील बायकांची प्रार्थना सातासमुद्रापार पोहोचण्यास चार वर्षे पुरली. रमाबाईंनी केलेले बायबलचे सोप्या मराठीतील भाषांतरही आश्रमातल्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले, आणि ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

कॅथलिक समाजात हेच काम ‘निरोप्या’ या मासिकाने केले, जे जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये नगर जिल्ह्यातील केंदळ येथून सुरू केले आणि जे पुढे पुण्याहून निघू लागले. वसईच्या ‘सुवार्ता’ने, विशेषतः फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनकाळात, धर्मवार्तेच्या जोडीला पर्यावरण आणि नागरी प्रश्न आणले. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये भरणारी मतमाऊलीची यात्रा ही तर विखुरलेल्या नगरकरांची वर्षाची भेटच असते.

पिंपरी-चिंचवडचा पट्टा या इतिहासात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, त्या दशकात आकुर्डी, पिंपरी आणि भोसरी येथे मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने वाढले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि नंतर चाकणची वसाहत उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळाने नगर, सोलापूर आणि मराठवाड्यातील माणसे शहरांकडे लोटली, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. येथे एक वेगळीच अडचण उद्भवली. प्रॉटेस्टंट मिशनांनी पूर्वी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते, जेणेकरून एका भागात दोन मिशनांची स्पर्धा होऊ नये : नगर-सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन, पुणे-जालन्यात स्कॉटिश मिशन, नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटी, कोल्हापुरात प्रेस्बिटेरियन. त्यामुळे मनुष्य कोणत्या पंथाचा, हे त्याने काय मानले यापेक्षा तो कोठे जन्मला यावर ठरले होते. कारखान्याच्या एकाच पाळीत काम करणारे नगरचे, जालन्याचे आणि कोल्हापूरचे तीन ख्रिस्ती गडी उपासनेसाठी एकत्र बसले, की प्रत्येकाला आपली पद्धत हीच ख्रिस्ती पद्धत वाटे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने यांपैकी बऱ्याच प्रवाहांना कागदावर एकत्र आणले, पण प्रत्यक्षातली एकी कामगारांच्या खोल्यांत घडली.

ही एकी ज्या घरगुती प्रार्थनासभेत घडली तिचे रूप या पट्ट्यात साधारण ठरलेले आहे. पाळीच्या वेळा सांभाळून बहुधा संध्याकाळी सभा ठेवतात. बाहेरच्या खोलीतील पलंग भिंतीला सरकवून सतरंजी अंथरतात, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जातो, कोणी ‘उपासना संगीता’तील गीताचा क्रमांक पुकारतो आणि पेटी नसली तर टाळ्यांवर भागवतात. वचन वाचल्यानंतर साक्षी होतात. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते चारचौघांत सांगणे. या साक्षींत कंत्राट संपलेल्या कामगाराची नोकरी, मुलीचा दहावीचा निकाल, सुटलेली दारू, बंद पडलेल्या कारखान्याचा थकलेला पगार असे विषय येतात, आणि प्रार्थनेसाठी विनंत्या मागितल्या जातात तेव्हा गावाकडच्या आजारी सासऱ्याचे नावही त्यात असते. शेवटी चहा आणि चिवडा होतो, आणि खोली भाड्याने कोठे मिळेल, कोणत्या कारखान्यात भरती आहे, ही माहितीही तेथेच मिळते. धर्मशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने पाहणाऱ्यास या बोलण्यात विचार कमी आणि भावना अधिक वाटेल, आणि साक्षीत केवळ यशाच्याच गोष्टी सांगण्याची ओढ असते हेही खरे. ज्याची नोकरी परत मिळाली नाही तो माणूस पुढच्या सभेला गप्प बसतो किंवा येईनासा होतो. जातीचा प्रश्नही या बैठकींनी पुरता सोडवलेला नाही, सोयरिकीच्या वेळी तो दाराशी येतोच. तरीही पंथ विसरून शेजारी बसण्याची सवय जितकी या खोल्यांनी लावली तितकी कोणत्याही धर्मपरिषदेने लावली नाही.

ताथवड्यासारख्या नव्या वस्तीत या परंपरेला आणखी एक वळण मिळाले आहे. येथील महाविद्यालयांत शिकणारे आणि हिंजवडीत नोकरी करणारे ख्रिस्ती तरुण केवळ नगर-मराठवाड्याचे नाहीत, केरळ, तमिळनाडू आणि ईशान्य भारतातूनही ते येतात, त्यामुळे बैठकीत मराठी पदाशेजारी हिंदी आणि इंग्रजी गीत येते, आणि मराठी घरांतील पुढच्या पिढीचे ‘उपासना संगीत’ हळूहळू मागे पडते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, देवळांची दारे बंद असतानाच साजरा झाला, तेव्हा मंडळ्यांनी फोनवरून उपासना केल्या, सकाळचे वचन पाठवले, आजाऱ्यांसाठी साखळी प्रार्थना लावल्या. ज्या समाजाने ‘ज्ञानोदया’च्या अंकाची वाट पाहत आणि टपालाच्या पुस्तिकांवर विसंबून शतक काढले होते त्याला दूर राहून एकमेकांना धरण्याची ही रीत परकी वाटली नाही, अडले ते प्रभुभोजनापाशी, कारण भाकर आणि द्राक्षरस तारेतून पाठवता येत नाहीत, आणि त्यावर मंडळ्यामंडळ्यांत मतभेद झाले.

अभ्यासकापुढे आता प्रश्न उरतो तो साधनांचा. १८५५ चा ‘ज्ञानोदय’ ग्रंथालयात बसून वाचता येतो, टिळकांची पदे छापलेली आहेत, मंडळ्यांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या जुन्या देवळांत जपलेल्या आहेत. परंतु पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या खोल्यांत गेल्या पन्नास वर्षांत भरलेल्या सभांच्या नोंदी क्वचितच कोणी ठेवल्या, आणि फोनवरचे संदेश तर यंत्र बदलले की जातात. वह्यांत उतरवून घेतलेली हाती लिहिलेली पदे, वर्षश्राद्धासारख्या स्मरण-उपासनांच्या छापील पत्रिका, महिला मंडळांचे वर्गणीचे हिशेब आणि पहिल्या पिढीतील निवृत्त कामगारांच्या तोंडच्या आठवणी एवढीच सामग्री या काळासाठी हाताशी आहे, आणि त्यांतील शेवटची गोळा करण्यास फार वर्षे मिळणार नाहीत.